जळमटं

परवा आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. पंधरा-वीस जणी होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, आणि ऊन छान पडलं होतं म्हणून सगळ्याजणी चहाचे कप घेऊन मागच्या पॅटिओत जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात एकीची नजर वर गेली. छपराच्या चारही कोपऱ्यांत जळमटं! एखाददुसरं नव्हे, चांगली ऐसपैस, पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी. ती काही बोलली नाही. बोलणाऱ्यांतली नाहीच ती. पण तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग घाईघाईने हलव्याच्या दागिन्यांचा विषय काढला.

तर हा खुलासा तिच्यासाठी. आणि नाशिक-पुण्याच्या त्या सगळ्या मावश्या-आत्यांसाठीही, ज्यांना आईने ही गोष्ट अर्धीच सांगितली आहे.

आमच्या जळमटांना कारण आहे. कारणाचं वजन साधारण चार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा साखर.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतो. आपल्याकडे फुलांवर भिरभिरतो तो शिंजीर. दोघांची चोच लांब, दोघेही मध पिणारे, त्यामुळे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा "अरे, हा तर आमच्या जास्वंदीवर येतो!" असं म्हणतोच. पण दोघांचं नातं काही नाही. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेतल्या हवेत एका जागी उभा राहून पितो, आणि वाटलं तर मागेही उडतो.

आमच्या सॅन होजेत बारा महिने दिसतो तो अ‍ॅनाज हमिंगबर्ड. लेसाँ नावाच्या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाने १८२९ साली अ‍ॅना नावाच्या एका डचेसवरून त्याला हे नाव दिलं. नराचं डोकं आणि गळा उन्हात असा काही राणी रंगाने झळकतो की पैठणीचा काठ आठवावा. मादी साधी. पाठ हिरवी, पोट करडं, गळ्यावर लाल रंगाचा एखादा ठिपका. कुंकू लावताना हात हलला असावा तसा.

या पक्ष्याची एक गोष्ट मला फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची घरटी फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात सापडायची. पुढे लोकांनी ठिकठिकाणी बाहेरून आणलेली झाडं लावली, बागा केल्या, साखरपाण्याच्या बाटल्या टांगल्या. ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी तर हिवाळ्यात फुलते. त्या मागोमाग हा पक्षी वर वर सरकत गेला, तो आता थेट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत. म्हणजे माणसांच्या अंगणांच्या भरवशावर त्याने संसार वाढवला. भरवसा म्हटलं की दुसऱ्या बाजूवर जबाबदारी आलीच. ती मला कळली, पण कळायला एक घरटं खर्ची पडलं.

ते आधी सांगते. आईने नेमकं तेच गाळलं असणार.

२०२३ चा जानेवारी इथे कोणी विसरलं नसेल. पाऊस थांबता थांबत नव्हता. त्यानंतर कुंपणालगतची झुडपं अशी बेफाम वाढली की शेजारचं घर दिसेना. फेब्रुवारीत मी माळ्याला फोन केला आणि म्हटलं, सरळ खांद्याएवढी करून टाक. तो आला, मशीन चालवलं, तासाभरात कुंपण शाळेत जाणाऱ्या मुलासारखं नीटनेटकं झालं. मी खूश. त्याचे पैसे दिले, वर दोन संत्री दिली.

संध्याकाळी पाचोळा गोळा करताना गवतात काहीतरी दिसलं. आधी वाटलं, झाडाच्या सालीचा तुकडा. वर शेवाळासारखी करडी-हिरवी खवलं होती. हातात घेतलं तर मऊ. अक्रोडाच्या अर्ध्या कवटीएवढी वाटी, आतून कापसासारखी. एक अंडं आत चिरडलेलं, दुसरं शोधूनही सापडलं नाही. अंडं म्हणजे केवढं, सोललेल्या पांढऱ्या शेंगदाण्याएवढं.

आणि ती तिथेच होती. कुंपणाच्या वर, साधारण दीड फूट उंचीवर, हवेत. जिथे आता फांदीच नव्हती त्या जागेसमोर ती उभी राहायची, बाजूला जायची, पुन्हा येऊन उभी राहायची. अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा आली. मग नाही आली.

चूक माळ्याची नव्हती. त्याला मीच बोलावलं होतं, आणि "वसंताच्या आत छाटून घ्यावं" हे माझंच शहाणपण होतं. पक्षी वसंतात घरटी करतात, एवढं चौथीच्या पुस्तकातलं ज्ञान मला होतं. पण ही बाई डिसेंबरातच कामाला लागते! इथे हिवाळा म्हणजे पावसाळा, पावसाळा म्हणजे फुलं, आणि फुलांबरोबर बारीक किडे. तिचं पंचांग माझ्या पंचांगाशी जुळत नव्हतं, आणि मी ते बघायची तसदीही घेतली नव्हती.

घरटं मी एका डब्यात ठेवलं होतं. मग वाचनात आलं की १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे आणि त्यात हा पक्षी येतो. अंडी-पिल्लं असलेलं घरटं तोडायला तर बंदी आहेच, पण रिकामं घरटंही परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. मग एके दिवशी ते डब्यातून काढून कुंपणाच्या मुळाशी ठेवून दिलं. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नंतर सांगितलं.

अपराधी वाटायला लागलं की माणूस आधी दुकानात जातो. मीही गेले. चिमणीच्या घरासारखं, छोटं भोक असलेलं, लाल रंगाचं गोंडस खोकं आणलं. "हमिंगबर्ड हाऊस" असं लिहिलेलं होतं त्यावर. शेजारच्या आजी (ऐंशीच्या पुढच्या, जन्म याच गावातला) कुंपणावरून ते बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, हमिंगबर्ड भोकात शिरून कधीच घरटं करत नाहीत. ते खोकं तू कोळ्यांना दे, म्हणजे निदान पक्ष्याला उपयोग होईल.

मला वाटलं, विनोद केला. नव्हता तो विनोद.

घरटं कसं बांधतात ते त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं, नंतर मी भरपूर वाचलं. सगळं काम मादी एकटी करते, साधारण आठवडाभर. नर फक्त लग्नापुरता. उंच आभाळात जायचं, तिथून दगडासारखं खाली यायचं, आणि अगदी शेवटी शेपटीच्या पिसांतून 'चिप्' असा मोठा आवाज काढायचा. तेवढं झालं की पुढच्या संसारात त्याचं नाव नाही. मादी गवताची, वेलींची, बोंडांची मऊ लव गोळा करते आणि ती बांधते कोळ्याच्या जाळ्याने. जाळं चोचीवर, छातीवर गुंडाळून आणते आणि वाटीच्या भोवती फिरवून फिरवून चिकटवते. वरून दगडफुलासारख्या खवल्यांचे तुकडे लावते, म्हणजे लांबून फांदीची गाठच वाटावी. जाळ्याचा धागा ताणतो, म्हणून पिल्लं वाढतात तसं घरटंही रुंदावत जातं. लहान मुलाचं स्वेटर कसं वर्षभर चालतं, तसं. जाळं नसेल तर ते घरटं उभंच राहत नाही.

म्हणजे त्यांना निवारा द्यायचा तर बांधायचं काहीच नसतं. बहुतेक गोष्टी करायच्या नसतात. मी तेव्हा वहीत यादी केली होती, तीच थोडक्यात देते. कोणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

छाटणी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच उरकायची. त्यानंतर कात्री हातात घ्यायचीच झाली, तर आधी दहा मिनिटं शांत उभं राहून बघायचं, कोणी एकाच जागी पुन्हा पुन्हा येतंय का. तिला हवी असते पेन्सिलीहून बारीक, आडवी किंवा दोन फाटे फुटलेली फांदी. वर पानांचं नाहीतर छपराचं झाकण. आणि समोर उडायला मोकळी वाट. उंची साधारण सहा ते वीस फूट. म्हणून झुडपांना गोल गोल चेंडूंसारखं छाटायचं नाही, आतल्या बारीक फांद्या राहू द्यायच्या.

कीटकनाशक मारायचं नाही. पिल्लं नुसत्या मधावर वाढत नाहीत, त्यांना चिलटं आणि बारीक कोळी लागतात. मांजर घरात. साखरपाण्याची बाटली लावायची तर एक भाग साखर, चार भाग पाणी. रंग नाही, मध नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुवायची. आणि ती घरट्यापासून लांब, कारण तिथे भांडखोर नरांचा अड्डा होतो. कपड्यांच्या ड्रायरमधला भुगा बाहेर ठेवायचा नाही, तो पावसात विरघळल्यासारखा होतो.

आणि जळमटं काढायची नाहीत.

आता या शेवटच्या कलमासकट माझी आई ऑक्टोबर २०२३ मध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. वय अठ्ठ्याहत्तर. विमानतळावरच म्हणाली, "आता पुन्हा एवढा प्रवास नाही होणार हं माझ्याच्याने. या वेळी काय ते नीट बघून घेऊ दे."

तिने जे नीट बघितलं ते पॅटिओचं छप्पर. दिवाळी बारा नोव्हेंबरची होती. पाच तारखेला सकाळी उठून पाहते तर आईने मॉपच्या दांड्याला फडकं बांधलेलं आणि स्टुलावर चढायच्या बेतात!

"आई, खाली उतर आधी."

"अगं, दिवाळी आठवड्यावर आली. घराला जळमटं ठेवून लक्ष्मी येते का कधी?"

मी तिला सगळं समजावलं. पक्षी, घरटं, धागा. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू कोळी पाळलेस."

त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. साध्या गोष्टीवरून सुरू झालेलं भांडण कुठे जातं ते माहीतच आहे. मी लग्नाआधी कपडे कसे टाकायचे इथपासून ते मुलाला मराठी वाचता येत नाही इथपर्यंत सगळं निघालं. शेवटी मी तिला ते गवतातलं घरटं सांगितलं. नवऱ्यानंतर दुसरी तीच. ती एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने दांड्याचं फडकं सोडत म्हणाली, "बरं. घरातली मी काढणार. बाहेरची तुझी."

तह झाला. आत आरसा, बाहेर जंगल.

मग आई तिच्या परीने माझ्या कामात आली. साखरपाणी करताना बघून म्हणाली, "पांढरी साखर कसली देतेस, गूळ घाल थोडा, ताकद येईल." तिला सांगावं लागलं की गुळातलं लोह या पक्ष्यांना बाधतं, त्यांना साधी पांढरी साखरच बरी. यावर तिचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही. दुपारी वाती वळताना थोडा कापूस तिने तुळशीच्या कुंडीत ठेवायला सुरुवात केली, "नेईल ती." तिने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केळ्याची सालं एका जाळीच्या टोपलीत टांगली की चिलटं जमतात आणि त्यांना आयतं खाद्य मिळतं, हे मी सांगितल्यावर मात्र आईने हात जोडले. "तेवढं माझ्या देखत नको."

संक्रांत आली. आमचा आकाशकंदील अजून पॅटिओतच होता. छपराच्या दोन हुकांमध्ये दिव्यांची माळ, तिच्या मधोमध कंदील. तुळशीचं लग्न झालं, त्रिपुरी पौर्णिमा झाली, नाताळ झाला, तरी मी आज काढू उद्या काढू करत होते. आई रोज एकदा आठवण करून द्यायची. शेवटी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, चौदा जानेवारीला, मी स्टूल घेऊन गेले. वर पाहिलं, तर माळेच्या वायरीला जिथे गाठ होती, कंदिलापासून वीतभर अंतरावर, त्या गाठीवर पांढऱ्या लवेचा एक पुंजका. चिमूटभर.

मी स्टुलावरून उतरले. स्टूल उचलून आत आणलं आणि दाराला कडी घातली.

त्या दिवसापासून पॅटिओचं दार बंद. माळेचा प्लग काढून ठेवला. बाहेरचा दिवा लावायचा नाही. कचरा टाकायला पुढच्या दाराने वळसा घालून जायचं. स्वयंपाकघराच्या सिंकवर जी खिडकी आहे तिथून सगळं दिसायचं, म्हणजे भांडी घासायला घरात एकदम उत्साह आला. आईने तिथे खुर्ची टाकली ती कायमचीच.

एक दिवस मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना आईने हाक मारली. अशी, की मला वाटलं पडलीच. धावत गेले तर ती खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. बाहेरच्या बाजूला, काचेला लागून, ती हवेत उभी होती आणि जळमट चोचीने ओढत होती. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे. रिळावर दोरा गुंडाळावा तसा धागा चोचीभोवती फिरला, आणि भुर्रकन घरट्याकडे.

आई म्हणाली, "नोव्हेंबरात हेच काढणार होते मी." एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या संध्याकाळी तिला आमच्या नाशिकच्या घराचा व्हरांडा आठवला. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, जास्वंदीजवळ, शिंजिराने घरटं केलं होतं. घरात सगळे त्याला फुलचुखी म्हणायचे. लांबट लोंबती पिशवी, वर छोटंसं दार, दारावर चक्क पडवी. तेही बांधलेलं जाळ्यानेच, हे तिला आता उमगलं. "तुझ्या आजीने ती तार दोन महिने वापरू दिली नव्हती. पावसाळ्याचे दिवस, घरभर ओले कपडे. मी नवी सून. मला इतका राग यायचा..." पुढे तिने काही सांगितलं नाही. भाजी निवडत बसली.

वीस जानेवारीच्या सुमारास घरटं पुरं झालं असावं. पणतीहूनही लहान. अंडी किती ते दिसत नव्हतं, पण ती बसायला लागली. चोच एका काठावर, शेपटी दुसऱ्या काठावर, मध्ये तीच. दिवसातून कितीतरी वेळा काही मिनिटांसाठी उडून जायची आणि परत यायची. लेकाने फोन काठीला लावून, ती नसताना, लांबून एकदाच फोटो काढला. दोन. अशी अंडी सोळा दिवसांच्या आसपास उबवावी लागतात. आईने बोटांवर मोजलं. "पाच-सहा फेब्रुवारी."

आणि चार फेब्रुवारीला, रविवारी, वादळ आलं.

अंदाज आधीच आला होता. ॲटमॉस्फेरिक रिव्हर, सोसाट्याचा वारा वगैरे. आम्ही बॅकयार्डातल्या खुर्च्या आत घेतल्या, मेणबत्त्या काढून ठेवल्या. कंदिलाचा विचार कोणाच्याही डोक्यात आला नाही. दुपारी वारा वाढला आणि दिवे गेले. मी खिडकीशी गेले तर कंदील शिडासारखा फुगला होता. प्रत्येक झोताबरोबर तो माळेला हिसका द्यायचा, आणि त्या हिसक्याबरोबर घरटं वीतभर वर-खाली. ती आत बसलेली. इतकी दबून की नुसती चोच दिसत होती.

"कंदील कापून टाक," नवरा म्हणाला.

"कापला की वायर फटकन वर जाईल," मी म्हटलं. "अंडी बाहेर उडतील."

"मग काय, बघत बसायचं?"

खरं सांगते, मला बघत बसायचं होतं. हात लावला आणि पुन्हा माझ्याच हातून गेलं, तर? काही केलं नाही आणि गेलं, तर निदान वादळाच्या नावावर. एवढ्या वेळात मी हिशेब करत होते की दोष कोणाच्या नावावर पडेल. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं ते.

आई खोलीत जाऊन आली. हातात परकराची नाडी. नवी, बॅगेतली, नाशिकची. म्हणाली, "एकाने वायर धरा, सैल सोडू नका. दुसऱ्याने कंदील काढा. मग वायर या नाडीने खांबाला बांधून टाका, म्हणजे झुलणार नाही. आणि लवकर करा, ती जास्त वेळ बाहेर राहायला नको."

तसंच केलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी वायर धरली. आम्ही जवळ गेल्याबरोबर ती उडाली आणि पावसात, छपराच्या कडेला, आमच्या डोक्यापासून चार-पाच फुटांवर उभी राहिली. त्या वाऱ्यात! चार ग्रॅम! मी स्टुलावर चढून कंदिलाचा दोरा कापला, नवऱ्याने वायर इंच इंच वर जाऊ दिली, मग मी नाडीचे तीन वेढे देऊन गाठ मारली. बोटं इतकी थरथरत होती की पहिली गाठ सुटली. घरट्यात मी बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही. आई दारातून मोजत होती. "तीन मिनिटं झाली. चला आत."

आम्ही आत आलो. दार लावलं. चौघं खिडकीशी, मेणबत्तीही न लावता.

एक मिनिट. दोन. ती छपराखाली आली, घरट्यासमोर उभी राहिली. मागे गेली. मला २०२३ ची ती संध्याकाळ दिसायला लागली. मग ती नाडीच्या गाठीपाशी गेली, ती चोचीने तपासली, आणि घरट्यात उतरली.

आई म्हणाली, "चला, मी खिचडी टाकते." गॅस चालू होता, त्यामुळे खिचडी झाली.

सात फेब्रुवारीला तिचं बसणं बदललं. काठावर उभी राहून ती चोच आत खुपसायची, शिलाई मशीनच्या सुईसारखी वर-खाली. म्हणजे पिल्लू. आई दिवसभर मला बातम्या द्यायची. नर कुठे असतो, असंही एकदा विचारलं. तो काहीच करत नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग यात नवीन काय सांगितलंस?" नवरा शेजारीच भांडी घासत होता, त्याने निषेध नोंदवला :)

आठवडाभराने काठावर एक चोच दिसायला लागली. एकच. दुसऱ्याची वाट बघितली. दहा दिवस झाले, दोन आठवडे झाले. एकच. पिसं फुटली, घरटं ताणून बशीसारखं झालं, ते वेडं काठावर उभं राहून जागच्या जागी पंख फडफडवायला लागलं. आणि एकोणतीस फेब्रुवारीला, लीप वर्षाचा तो जादा दिवस, सकाळी नऊ-सव्वानऊला ते वर उठलं, अधांतरी थोडं डगमगलं, आणि कुंपणावर जाऊन बसलं. त्याच कुंपणावर. पुढचे कित्येक दिवस त्याची आई त्याला तिथे भरवताना दिसत होती.

घरटं रिकामं झालंय याची खात्री करून आठवडाभराने मी स्टुलावर चढले. तळाशी दुसरं अंडं तसंच होतं. सगळीच अंडी उबत नाहीत, हे मला माहीत आहे. आधीच वांझ असेल. किंवा वादळाने गेलं असेल. किंवा ती तीन मिनिटं, आणि माझी सुटलेली पहिली गाठ. मी आईला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "एक उडालं ना?" मी म्हटलं, हो, पण... ती म्हणाली, "पण काही नाही. तुझ्या आजीच्या तारेवरचं घरटं मांजराने पाडलं होतं. दोन महिने ओले कपडे आणि शेवटी काही नाही. तरी पुढच्या वर्षी तिने तार मोकळी ठेवली."

ही गोष्ट तिने जानेवारीत पुरी सांगितली नव्हती. का नव्हती, ते तेव्हा कळलं.

एप्रिलमध्ये, पाडव्याच्या आधी, आई परत गेली. माळ अजून तिथेच आहे, नाडीसकट. त्यानंतर त्या माळेवर कोणी आलेलं नाही. पण गेल्या वर्षी कुंपणात एक घरटं होतं, जरा आत, पानांच्या आड. अंडी होती, एक दिवस स्क्रब जे आला आणि संपलं. तोही पक्षीच, त्यालाही पिल्लं. माझ्या हातात होतं ते एवढंच, की कुंपण उभं होतं.

परवाच्या रविवारी आईचा फोन होता. तिच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशींना तिने सांगून ठेवलंय म्हणे, व्हरांड्याचा बाहेरचा कोपरा झाडायचा नाही. मावशी साऱ्या सोसायटीत सांगत फिरतायत, आजी अमेरिकेला जाऊन आल्यापासून आळशी झाल्या.

तर मैत्रिणी, असं आहे ते. पुढच्या हळदीकुंकवाला ये तेव्हा वर बघून खुशाल हस. फक्त हात लावू नकोस.